ससा धुवू नका, आधी त्याचं ताट बघा

पाळीव प्राण्यांवरच्या आपल्या गप्पांमध्ये आज सशाची पाळी. ससा पाळणाऱ्यांकडून मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो: "डॉक्टर, सशाच्या मागच्या बाजूला घाण चिकटते, वास येतो. कुठल्या शाम्पूने आंघोळ घालू?" हा प्रश्न नागपूरहून येतो, इंदूरहून येतो, बडोद्याहून आणि हैदराबादहूनही येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. आंघोळ घालू नका. आधी सांगा, तो खातो काय?

विचारणारे जरा गोंधळतात. स्वच्छतेचं विचारलं तर डॉक्टर जेवणाचं का काढतात? त्याचं कारण असं, की ससा हा मुळात टापटिपीचा प्राणी आहे. दिवसातून कितीतरी वेळा तो स्वतःला चाटून साफ करतो. असा प्राणी मागून घाण राहायला लागला, तर बहुतेक वेळा त्याच्या पोटात, दातांत किंवा वजनात काहीतरी बिघडलेलं असतं, आणि त्या बिघाडाची सुरुवात खाण्यात असते. शाम्पूने घाण आज जाईल, परवा परत येईल. आणि या घाणीपायी पावसाळ्यात ससा दोन दिवसांत दगावू शकतो. कसा, ते पुढे सांगतो.

सशाचं पोट कसं चालतं

सशाच्या तोंडात 28 दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. समोरचे दात आठवड्याला साधारण दोन-तीन मिलिमीटर वाढतात. ते झिजायला हवेत. दाढांची झीज होते ती गवत चघळताना, कारण तेव्हा जबडा आडवा, जात्यासारखा फिरतो. पोळी, बिस्किट, दाणे खाताना तो तसा फिरत नाही. मग दाढा वाकड्या वाढतात, त्यांना टोकं येतात, जीभ आणि गाल सोलून निघतात. ज्याचं तोंड दुखतं, तो स्वतःला चाटेल कशाला?

आता पोटाकडे या. सशाच्या आतड्याला सीकम नावाची एक मोठी पिशवी असते. तिच्यात उपयोगी जिवाणू राहतात. खाल्लेल्या गवतातले जाड धागे आतडं बाजूला काढतं आणि कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपात बाहेर टाकतं. निरोगी ससा दिवसाला अशा दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. बारीक भाग मात्र सीकममध्ये परत जातो, तिथे जिवाणू तो आंबवतात, आणि त्यातून दुसऱ्या प्रकारच्या लेंड्या तयार होतात. या मऊ, चकचकीत, लहानशा द्राक्षाच्या घडासारख्या असतात आणि त्यांना उग्र वास असतो. ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्यांत प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं असतात. हे पाहून पुष्कळांना किळस येते, काही जण सशाला ओरडतातही. ओरडू नका. गाय रवंथ करते, तसंच हे. तो त्याच्या जेवणाचाच भाग आहे.

म्हणजे ससा स्वच्छ राहायचा तर तीन गोष्टी जुळायला हव्यात. मऊ लेंड्या घट्ट बांधलेल्या हव्यात. त्या खायची त्याला भूक हवी. आणि त्याचं तोंड मागे पोचायला हवं. यांतली एक जरी बिनसली, तरी त्या लेंड्या चिरडतात, केसांना चिकटतात, वाळतात आणि वास सुटतो.

ताटात काय चुकतं

आपल्याकडे ससा लाडाने वाढवला जातो, आणि लाड म्हणजे खाऊ. सकाळी चहाबरोबर बिस्किट, दुपारी पोळीचा तुकडा, संध्याकाळी भिजवलेले हरभरे आणि दिवसभर गाजर. गाजर हे सशाचं मुख्य अन्न ही समजूत तर कार्टूनमधून घरोघरी पोचली आहे. खरं म्हणजे गाजर गोड कंद आहे. सशाच्या दृष्टीने ती मिठाई.

पीठ आणि साखर जास्त झाली, की सीकममधल्या जिवाणूंचं गणित बदलतं. नको ते जिवाणू वाढतात, गॅस होतो, मऊ लेंड्या शेणासारख्या पातळ होतात. शिवाय पोळी-बिस्किटांनी पोट भरलेल्या सशाला त्या लेंड्या खायची भूकच उरत नाही. हळूहळू वजन वाढतं, आणि मग भूक असली तरी पोटाच्या आड तोंड मागे जात नाही. बघा, एका बिस्किटाने तिन्ही गोष्टी बिघडवल्या.

दुकानात मिळणारं दाणे, मका आणि रंगीत तुकडे यांचं मिश्रणही असंच. ससा त्यातले गोड दाणे वेचून खातो आणि बाकीचं टाकून देतो.

मग द्यायचं काय?

आहाराचा मोठा वाटा, दहातले आठ-नऊ भाग, गवत. सशाच्या अंगाएवढा वाळलेल्या गवताचा ढीग रोज त्याच्यासमोर हवा, आणि तो संपू द्यायचा नाही. परदेशी टिमोथी गवत मिळालं तर उत्तम, पण ते महाग पडतं. ओट गवत चालतं. आणि आपली दूर्वा, म्हणजे हरळी, हे तर सशासाठी चांगलंच गवत आहे. हिंदी मुलखात तिला दूब म्हणतात, कर्नाटकात गरिके, तेलंगणात गरिका, तामिळनाडूत अरुगम्पुल्. देवळाबाहेर, फुलवाल्याकडे ती सगळीकडे मिळते. फक्त स्वच्छ धुऊन, पाणी निथळून द्या, आणि रस्त्याकडेची किंवा औषध फवारलेली घेऊ नका.

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. पहिली, लसूणघास. गुजरातेत तिला रजको म्हणतात, राजस्थानात रिजका. उत्तरेत तशीच बरसीम मिळते. ही गुरांच्या चाऱ्याच्या दुकानात सहज मिळते म्हणून लोक तीच रोज घालतात. पण ही द्विदल पिकं आहेत. त्यांत प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. सहा महिन्यांच्या आतल्या वाढत्या पिल्लाला लसूणघास चालते. मोठ्या सशाला ती चमचमीत पदार्थासारखी, कधीतरी चिमूटभर. दुसरी गल्लत भाताच्या पेंढ्याची. पेंढा अंथरायला ठीक, पण त्यात पोषण फार कमी. त्याला गवताच्या जागी धरू नका.

गवताखालोखाल पाला. कोथिंबीर, पुदिना, मेथी, शेपू, तुळस, मुळ्याचा आणि गाजराचा पाला. सशाच्या एका किलो वजनामागे दिवसाला साधारण एक वाटी भरून, आणि त्यात दोन-तीन प्रकार आलटूनपालटून. पालक रोज नको, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. कोबी आणि फुलकोबीने काही सशांना गॅस होतो, म्हणून जपून. पेलेट म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या देत असाल तर किलोमागे 25 ग्रॅमच्या वर नको. फळ किंवा गाजर, किलोमागे एक चहाचा चमचा, तेही रोज नाही. कांदा, लसूण, बटाटा, अव्होकॅडो, चॉकलेट कधीच नको. बागेतली कण्हेर, रुई आणि घाणेरी त्याच्या तोंडाला लागणार नाही, असं बघा.

पाणी चोवीस तास हवं. उलट्या टांगलेल्या बाटलीपेक्षा जड, न कलंडणाऱ्या भांड्यातून ससा जास्त पाणी पितो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हे ऐकून उद्या सकाळी पोळी एकदम बंद करून त्याच्यासमोर गवताचा भारा टाकू नका. ज्या सशाने गवत कधी पाहिलंच नाही, तो उपाशी राहील, आणि उपाशी ससा ही वेगळीच आपत्ती आहे. दोन-तीन आठवड्यांत बदल करा. गवत आजपासूनच समोर ठेवा, खाऊ रोज थोडा थोडा कमी करा. गवतात कोथिंबिरीच्या काड्या लपवा, म्हणजे ती शोधता शोधता तो गवत तोंडात घ्यायला लागतो. नवा पाला एका वेळी एकच, थोडासा. दुसऱ्या दिवशी लेंड्या ठीक असल्या तर पुढे.

चिकटलेली घाण वाचायला शिका

मागची घाण एकाच प्रकारची नसते.

गोल कोरड्या लेंड्या नेहमीसारख्या पडत आहेत, पण मागे काळपट, चिकट, उग्र वासाचा थर आहे. ससा हुशार आहे, खातोय. या मऊ लेंड्या आहेत, न खाल्लेल्या. पुष्कळ जण यालाच जुलाब म्हणतात. इथे खाणं सुधारायचं. तरीही तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर दात, वजन आणि सांधे तपासून घ्यायचे. म्हाताऱ्या सशाचे सांधे दुखतात, त्याला मागे वळता येत नाही.

कोरड्या लेंड्या बंदच झाल्या आहेत आणि पाण्यासारखं पातळ होतंय. हा खरा जुलाब. पिल्लांमध्ये हा कॉक्सिडिया नावाच्या परजीवीमुळेही होतो आणि पिल्लू काही तासांत गळून जातं. इथे घरगुती उपाय नाही. त्याच दिवशी दवाखाना.

तिसरा प्रकार लघवीचा. मागचे केस ओले, पिवळे, कातडी लाल. सशाचं शरीर अन्नातलं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषून घेतं आणि जादा लघवीवाटे टाकतं. म्हणून सशाची लघवी थोडी पांढुरकी असणं स्वाभाविक आहे. पण ती कालवलेल्या चुन्यासारखी दाट पडायला लागली, तर मूत्राशयात गाळ साठतोय असं समजा. लसूणघास आणि पेलेट कमी करा, पाणी वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. लघवी कधी केशरी, कधी लालसर दिसते, तीही बहुधा रंगद्रव्यांमुळे असते. मात्र ससा कुंथत असेल, थेंब थेंब होत असेल किंवा रक्ताच्या गुठळ्या दिसल्या, तर थांबू नका.

साफ कसं करायचं

पूर्ण आंघोळ का नको? सशाची लव इतकी दाट असते, की ती आतून तासन् तास ओली राहते आणि ससा गारठतो. दुसरं, पाण्यात घातला की तो घाबरून मागचे पाय जोरात झाडतो. त्या झटक्याने सशाचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. मागचे पाय लुळे पडलेले असे ससे मी पाहिले आहेत.

घाण वाळलेली असेल तर त्यावर थोडं कॉर्नफ्लॉवर चोळा, पाच मिनिटांनी बोटांनी आणि बारीक कंगव्याने हळूहळू सुटी करा. टाल्कम पावडर नको. गाठ ओढू नका, सशाची कातडी कागदासारखी फाटते. सुटली नाही तर डॉक्टरांकडून कापून घ्या. अगदीच चिघळलं असेल तर पसरट भांड्यात दोन बोटं कोमट पाणी घ्या, फक्त मागचा भाग त्यात बुडवून साबणाशिवाय धुवा, टॉवेलने टिपा, आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत सोडू नका. या कामाला दोघं लागतात. एकाने छातीखाली आणि पुठ्ठ्याखाली हात देऊन धरायचं, दुसऱ्याने साफ करायचं.

माशी

आता पावसाळ्याचं सांगतो. ओल्या, घाण झालेल्या केसांच्या वासाने माशी येते आणि अंडी घालते. अंडी काही तासांत, फार तर दिवसभरात फुटतात. अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत कातडी खात आत शिरतात. ससा आरडाओरडा करत नाही. शिकारीचा प्राणी असल्यामुळे तो दुखणं लपवतो, कोपऱ्यात गप्प बसतो. घरचे म्हणतात, आज जरा मरगळलाय.

एका पावसाळ्यात माझ्याकडे एक काकू ससा घेऊन आल्या. गुबगुबीत नर, पोळी आणि बिस्किटांवर वाढलेला. "सकाळपासून गप्प आहे हो, आदल्या दिवशी चांगला खेळत होता," एवढीच तक्रार. शेपटीखालचे केस वर केले तर कातडीवर रुपयाएवढी जखम आणि तिच्यात अळ्या. तो वाचला, कारण काकूंनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली नाही. एक दिवस उशिरा आलेले सगळेच वाचत नाहीत.

म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज दोनदा शेपटी उचलून बघा. अळी दिसली तर ती तातडीची वेळ समजा. चिमट्याने निघतील तेवढ्या काढा आणि लगेच निघा. गुरांच्या जखमेत घालतात तसं टर्पेंटाईन घालू नका, फिनेल नको, रॉकेल नको. कुत्र्याचा गोचीड-पिसवांचा स्प्रेही नको. त्यांतल्या पुष्कळांत फिप्रोनिल असतं आणि ते सशाला विष आहे.

पिंजरा आणि घर

ताट सुधारलं आणि जागा तशीच राहिली तर अर्धंच काम होतं. तारेची जाळी असलेला पिंजरा दुकानदार मोठ्या खुशीने देतो, लेंड्या खाली पडतात म्हणून. पण सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीवर टाचा सोलवटतात, तिथे फोड येतात. जाळीवर लाकडी फळी, चटई किंवा जाड गवत अंथरा.

ससा एका कोपऱ्यात लघवी करायला सहज शिकतो. तो जो कोपरा निवडेल तिथे पसरट ट्रे ठेवा, तळाशी वर्तमानपत्र किंवा लाकडाची पेलेट, वर गवत, आणि खायचं गवत ट्रेला लागूनच. ससा खाता खाता विधी करतो. मांजरांसाठी मिळणारी, गोळा होणारी वाळू नको, ती पोटात गेली तर आतडं तुंबतं. सुताराकडचा भुसाही नको, त्यात बारीक धूळ आणि प्लायवूडचा डिंक असतो. ट्रे रोज बदला. लघवीतून अमोनिया सुटतो, आणि सशाचं नाक जमिनीपासून चार बोटांवर असतं. आपल्याला वास येतो तेव्हा तो कधीचाच त्या वासात श्वास घेत असतो. शिंका, नाकातून पांढरा स्राव, ओले पुढचे पंजे ही त्याची लक्षणं. ट्रेवरचे पांढरे डाग पांढऱ्या व्हिनेगरने निघतात.

गवत हवेशीर कापडी पिशवीत ठेवा. बंद प्लास्टिकमध्ये पावसाळ्यात बुरशी धरते. कुबट वास आला तर टाकून द्या.

नाकावर, कानाच्या कडेला, पंजांवर पांढरट खपल्या दिसल्या, तर ती खरूज असू शकते. ती आणि गजकर्ण दोन्ही माणसाला लागतात. घरातल्या मुलांच्या हातावर खाज किंवा गोल चट्टे आले तर सशालाही तपासा. याला आंघोळ हा उपाय नाही, डॉक्टरांचं औषध लागतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

पहिली. बारा तास ससा काही खात नाही आणि लेंड्याही टाकत नाही, तर उद्यावर ढकलू नका. त्याचं आतडं थांबतंय. सशाला उलटी करता येत नाही, आणि थांबलेलं आतडं आपोआप सुरू होईलच असं नाही. मे महिन्यात दिल्ली, नागपूर, हैदराबादच्या उन्हात उष्माघातही असाच गप्प येतो. 30 अंशांच्या वर ससा सोसत नाही, कारण त्याला घाम येत नाही, तो कानांवाटे उष्णता टाकतो. कापडात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली त्याच्याजवळ ठेवा आणि कान ओल्या हाताने पुसा.

दुसरी. घरातलं अँटिबायोटिक सशाला देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी औषधं तोंडावाटे दिली तर सीकममधले चांगले जिवाणू मरतात आणि ससाही मरू शकतो. डॉक्टर मुख्यतः गाई-म्हशी किंवा कुत्री तपासणारे असतील, तर "हे सशाला चालतं ना?" एवढं विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

नीट ठेवला तर ससा आठ ते बारा वर्षं जगतो. त्यासाठी रोज दोन मिनिटं पुरतात. सकाळी ट्रेमधल्या लेंड्या बघा: मोठ्या, कोरड्या, भरपूर आहेत का? शेपटी उचला: कोरडं आहे का? गवत बघा: कालपेक्षा कमी झालंय का? आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहून ठेवा. दवाखान्यात यायची वेळ आली, तर ती वही बरोबर आणा. मला तिचा फार उपयोग होतो.